चिटणिसांच्या पुतणीचा गोल

हॉकी हा बायकांचा खेळ नाही, असं मला ज्या ज्या माणसानं सांगितलं, त्यातल्या एकानंही कधी स्टिक हातात धरली नव्हती. पुढे त्यातलेच बरेचजण हॉकीच्या कमिट्यांवर बसले.

मी सौंसरची. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मी नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होते. आमच्या वसतिगृहाजवळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या मडमांचा हॉकीचा क्लब होता. मडमा गेल्या, मैदान आणि स्टिका मागे राहिल्या. आम्ही मुली त्या स्टिका घेऊन खेळू लागलो आणि नागपूरच्या बड्या घरांतल्या पुरुषांनी क्लबाच्या खुर्च्या ताब्यात घेतल्या. पळायचं आम्ही, बसायचं त्यांनी, अशी ती वाटणी झाली. त्यातले एक वकील क्लबाचे चिटणीस झाले. पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय हे त्यांना मी दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि नंतर चहा कुठे ठेवलाय असं विचारलं.

शिक्षण संपलं तशी मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत लागले आणि पहिल्याच हिवाळ्यात मुलींना हॉकी शिकवायला घेतली. गावात खळबळ उडाली. आता पांढुर्णा गाव कसं, ते सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या गावातले आणि पलीकडच्या सावरगावातले पुरुष जांब नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड फेकतात. पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्यावरचा झेंडा कोणी काढायचा यासाठी. डोकी फुटतात, कुणाचा डोळा जातो, कधी कुणाचा जीवही जातो. त्याला गोटमार म्हणतात आणि ते बघायला लोक बैलगाड्या जुंपून पोराबाळांसकट येतात. तर या गावाला मुलींच्या हातात काठी बघून काळजी वाटू लागली, की कुणाला लागेल.

शाळा समितीचे अध्यक्ष होते कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचे मालक, एक शेठजी. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“बाई, पोरीच्या पायाले लागलं तं तिच्याशी लगन कोण करन?”

मी म्हटलं, “शेठजी, तुमच्या मुलाच्या कपाळावर गोटमारीची खोक आहे. त्याचं लग्न झालंच की.”

“तो मर्द हाय,” ते म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला.

तरी मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी जिनिंगमध्ये सभा घेतली. मुलींनी मैदानावर काय घालायचं, हा विषय. गावातले झाडून सगळे प्रतिष्ठित आले. मुलींचे बाप मात्र फारसे नव्हते. ते शेतात होते, आणि त्यांची काही तक्रारही नव्हती. दिवेलागणीपर्यंत चर्चा झाली. सलवार, त्यावर गुडघ्याखाली येणारा झगा आणि वर ओढणी, असं ठरलं. मी म्हटलं, पळताना ओढणी स्टिकेत अडकेल. शेठजी म्हणाले, “मंग तेवढं हळू पळा.”

आम्ही ओढण्या कमरेला करकचून बांधल्या आणि पळालो.

त्या मुलींमध्ये एक होती मोहगावची. बापाची संत्र्याची बाग, घरात खाऊनपिऊन सुखी. पांढुर्ण्याला मावशीकडे राहून शिकत होती. आली तेव्हा बारीकशी, काळीसावळी, बोलायला मुखदुर्बळ. पण चेंडू तिच्या स्टिकेला लागला की सुटत नसे. तिची एकच वाईट खोड होती, मारताना स्टिक खांद्याच्या वर उचलायची. तो फाउल असतो. मी शिट्टी वाजवायची, ती थांबायची, ओशाळून हसायची आणि पुन्हा तेच करायची. ती खोड मोडायला मला एक आख्खा हिवाळा लागला. त्यानंतर मात्र तिला शिकवण्यासारखं माझ्याजवळ फार काही उरलं नाही. दोन वर्षांत आमचा संघ असा तयार झाला की नागपूरच्या क्लबाला आम्ही त्यांच्याच मैदानावर हरवलं. चिटणिसांनी त्या दिवशी आम्हाला चहा दिला नाही.

मग नागपूरला मोठी स्पर्धा भरायची ठरली. महिला क्लबांची, आणि आंतरराष्ट्रीय. देशातले काही क्लब येणार होते आणि दोन परदेशातले. संघ कमी पडत होते म्हणून आम्हालाही बोलावणं आलं. गावात आनंदीआनंद. ज्या शेठजींना आमच्या पायांची काळजी होती, ते आता संघाचे व्यवस्थापक झाले. कसे झाले ते मला ठाऊक नाही. एक दिवस त्यांनी तसं सांगायला सुरुवात केली, इतकंच.

पण त्याच सुमारास राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तोवर आमची राजधानी नागपूर होती. कोर्टकचेरी, दवाखाना, कापसाचा बाजार, लग्नाचे शालू, सगळं तिकडे. आता राजधानी झाली भोपाळ, जे आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं. थोड्याच दिवसांत चिटणिसांचा निरोप आला. तुम्ही आता परप्रांतातल्या झाल्यात, यजमान राज्याचा संघ म्हणून तुम्हाला खेळवता येणार नाही. मात्र सामने बघायला अवश्य यावं, बसायची उत्तम सोय करू.

मी तडक गाडीनं नागपूरला गेले. चिटणीस घरीच होते.

मी म्हटलं, “आम्ही परप्रांतातल्या? मागच्या महिन्यात मी याच शहरात चष्मा करायला आले होते.”

“नियम आहे, बाई. माझ्या हातात काय आहे?”

“आम्ही मध्य प्रदेशचा संघ म्हणून खेळू.”

“मग भोपाळची परवानगी आणा.”

भोपाळला लिहिलं. तिथे महिला हॉकीचं काम कुणाकडे आहे हेच अजून ठरलेलं नव्हतं. शेठजींना काही खटपट करा म्हटलं तर ते म्हणाले, “पण व्यवस्थापकाले खुर्चीचा पास आलाय न.” म्हणजे त्यांचं काम झालं होतं.

मुलींना मी खरं काय ते सांगितलं.  मग मोहगावची म्हणाली, “पाहाले तं जाऊ, बाई. त्या बाया कशा खेळून राहिल्या ते तं दिसन.”

म्हणून आम्ही गेलो. नरखेड, काटोलच्या रस्त्यानं पॅसेंजर गाडीतून, भाकरी आणि झुणका बांधून, धर्मशाळेत उतरायच्या बोलीवर. स्टिका नेऊ नका असं मी म्हटलं होतं. सगळ्यांनी नेल्या.

पहिल्या दिवशी उद्घाटनाला एक मंत्री आले. खेळाडू मैदानात रांगेनं उभ्या, डोक्यावर ऊन, आणि मंत्री भारतीय नारीवर बोलू लागले. सीता, सावित्री, झाशीची राणी, मग पुन्हा सीता. नंतर स्वागताध्यक्ष बोलले, चिटणीस बोलले, आभार मानणारे सर्वांत जास्त बोलले. परदेशी बाया बिचाऱ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्या होत्या. त्यांना वाटत असावं की हा खेळाचाच काही भाग आहे.

त्यांतल्या एका संघाच्या गावाचं नाव आमच्या जिभेला कधी वळलं नाही. कुणी शिक्षिका होत्या, दोघी दवाखान्यात नर्स, एकीचं मांसाचं दुकान होतं. दुकानवाली त्यांची कप्तान, बॅकला खेळायची. उंच, लाल चेहऱ्याची, मनगटं पुरुषासारखी. तिच्यापुढून चेंडू जात नसे. एकामागून एक संघ त्यांनी हरवला आणि एकही गोल अंगावर घेतला नाही. मोहगावची रोज कुंपणाच्या जाळीला नाक लावून फक्त त्या कप्तानाकडे बघत बसायची. जेवायला बोलावलं तरी येईना.

“काय पाहून राहिली एवढं?” मी विचारलं.

“ते बाई डाव्या बाजूनं उशिरा वळते,” ती म्हणाली. “कोणी तिकून जातच नाई. घाबरते सगळ्या.”

अंतिम सामन्याला नागपूरचा क्लब पोचला, कारण त्यांच्या गटातला एक संघ आलाच नव्हता. सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही धर्मशाळेच्या ओट्यावर जेवत बसलो होतो, तेवढ्यात चिटणीस आले. मागून शेठजी. चिटणिसांनी जोडे काढले, खाली बसले, मुलींना “जेवा, जेवा” म्हणाले. मी ओळखलं की काहीतरी हवंय.

त्यांची पुतणी क्लबाच्या आघाडीत खेळायची. खेळायची म्हणजे उभी राहायची. आदल्या दिवशी तिनं परदेशी बायांचा खेळ पाहिला आणि रात्रीतून तिला ताप भरला.

“दहाजणींनी कसं उतरायचं?” चिटणीस म्हणाले. “तुमची ती मोहगावची मुलगी द्या. पण नावं आधीच दिली आहेत, आता बदलता येत नाहीत. तेव्हा ती माझ्या पुतणीच्या नावानं खेळेल.”

मी म्हटलं, “नियम आहे ना तुमचा? परप्रांतातली ना ती?”

“बाई, हा शहराच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

“आणि त्या परदेशी बायांनी ओळखलं तर?”

चिटणीस हसले. “गोऱ्या बायांना आपल्या सगळ्या पोरी सारख्याच दिसतात. फक्त हिनं मैदानावर तोंड उघडू नये. ते ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ ऐकलं की प्रेक्षकांतले लोक ओळखतील.”

हा माणूस घरी बायकोशी ‘जेवून राहिलो’ असंच बोलायचा. मी स्वतः ऐकलं होतं. खुर्चीवर बसला की तेवढा पुण्याचा व्हायचा.

शेठजींनाही ही फसवणूक पटलेली नव्हती, पण त्यांचं कारण निराळं. “पांढुर्ण्याचं नाव तं येईनच ना कुठंतरी?” ते विचारत होते. येणार नाही म्हटल्यावर ते नाराज होऊन ओट्याच्या टोकाला जाऊन बसले.

मला त्या दोघांना तिथून हाकलून द्यावंसं वाटत होतं. पण खेळायचं तिनं होतं, मी नाही. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “तुझ्या नावानं टाळी वाजणार नाही. गोल केलास तर तो दुसरीच्या नावावर जाईल. नको म्हणालीस तर मी यांना आत्ता वाटेला लावते.”

तिनं हातावरचा झुणका पुसला. “बाई, मले खेळाचं हाये. नाव कोणाचंबी राहो. त्या उंच बाईसमोर एकडाव उभं राहाचं हाये मले. त्या बाया काही पुन्हा पांढुर्ण्याले येणार हायेत का?”

 मी तिच्या स्टिकेची सुटलेली पट्टी नव्यानं बांधून दिली.

क्लबानं पुरवलेल्या स्कर्टमध्ये ती उतरली. पहिला अर्धा खेळ तिच्याकडे चेंडूच येईना. क्लबाच्या बाकीच्या मुली आपसात खेळत होत्या आणि चेंडू घालवत होत्या. परदेशी संघानं दोन गोल केले. चिटणीस शामियान्यात रुमालानं वारा घेत बसले. दुसऱ्या अर्ध्यात तिनं वाट बघणं सोडलं, आपणच मागे आली, गोऱ्या हाफच्या पायाखालून चेंडू काढला आणि सुटली. ओरडायचं नाही असं ठरलं होतं, तरी आमच्या सगळ्या मुली जाळीपाशी उभ्या राहिल्या. समोर कप्तान. मोहगावचीनं तिला उजवीकडची हूल दिली आणि डाव्या अंगानं निघाली. कप्तान वळली, उशिराच, पाय आडवा घातला, तोच तिच्या नडगीवर असा काही सटका बसला की आवाज आमच्यापर्यंत आला. शिट्टी झाली नाही, दोघी चेंडूवरच होत्या. कप्तान एका गुडघ्यावर बसली. आमच्या पोरीनं गोलासमोरच्या डीत शिरून फटका मारला, स्टिक खांद्याच्या खालीच ठेवून, आणि गोलाच्या फळीवर चेंडू आदळल्याचा खणखणीत आवाज झाला.

आख्ख्या स्पर्धेत त्या संघावर झालेला तो एकच गोल. सामना ते जिंकले, दोनास एक. पण मैदानात टाळ्या पडल्या त्या या गोलाला, आणि भोंग्यावरून चिटणिसांच्या पुतणीचं नाव पुकारलं गेलं.

बक्षिसाच्या वेळेपर्यंत पुतणीचा ताप उतरला होता. रेशमी साडी नेसून, गजरा माळून ती व्यासपीठावर गेली आणि सर्वोत्तम गोलाचा चषक घेतला. फार छान नमस्कार केला. खेळाचा तेवढा भाग तिला येत होता.

परदेशी कप्तान खाली उभी होती, नडगीला पट्टी बांधलेली. तिनं त्या साडीकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. मला इंग्रजी येतं हे तिनं कुठूनतरी ऐकलं असावं, कारण सरळ माझ्याकडे आली आणि नडगीवर बोट ठेवून म्हणाली, “ही खूण मला जिनं दिली, ती कुठे आहे?”

मी मागच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे मोहगावची पुन्हा सलवार-झगा घालून, आपली स्टिक छातीशी धरून उभी होती. कप्तान लंगडत गर्दीतून तिकडे निघाली. पोरीला वाटलं, ही आता भांडणार. ती “सॉरी, सॉरी” म्हणत मागे सरकू लागली. कप्तान मोठ्यानं हसली, तिचा हात धरला आणि आपली दुसरी, धड असलेली नडगी पुढे करून म्हणाली, “ही अजून शिल्लक आहे.” मी भाषांतर केलं. तशी आमची पोट्टी तोंडावर हात ठेवून अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चिटणीस धावत आले. कप्तानाला इंग्रजीतून सांगू लागले, की ही खेळाडू नव्हे, ही आमची पाणी देणारी मुलगी.

मी मराठीत म्हटलं, “पाणी पाजलं खरं तिनं.”

 कप्तान चिटणिसांकडे जोड्यांपासून टोपीपर्यंत एकदा बघून परत गेली. त्या बघण्यात जे होतं ते मला फार आवडलं.

पांढुर्ण्याला परतलो तर गाव गप्प. सत्कार करा, असं मुलींचे दोघे-तिघे बाप शेठजींना म्हणाले. शेठजींनी मान हलवली. “कागदावर तं ते खेळलीच नाई. सत्कार कोणाचा कराचा?” कागदावर मीही त्यांच्या हाताखालची होते, म्हणून कदाचित त्यांना वाटलं असेल की मी ऐकून घेईन. मी त्यांना काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर मी रस्त्यात दिसले की ते आधीच्याच गल्लीत वळत.

संत्र्याच्या मृग बहाराची तोड चालू होती तेव्हा चिटणीस पुन्हा आले. या वेळी मोटार करून आले होते, शाळेच्या दारात. झालं असं होतं, की वर्तमानपत्रात पुतणीच्या गोलाचं कौतुक छापून आलं आणि मुंबई राज्याच्या महिला संघाच्या निवडीसाठी तिला बोलावणं आलं.

मी म्हटलं, “अभिनंदन.”

ते म्हणाले, “बाई, थट्टा करू नका. मोहगावच्या त्या मुलीला घेऊन मुंबईला जाऊन येतो. तिथे तिला कोण ओळखतंय?”

“आणि निवड झाली तर?”

“पुढचं पुढे पाहू.”

या माणसाला मी शाळेतूनच परत धाडू शकले असते. पण मला वाटलं, याचं उत्तर त्यानं तिच्या तोंडून ऐकावं. मी त्याच मोटारीत बसून त्यांना मोहगावला नेलं. तोडीसाठी ती घरी आली होती, बागेत बापाबरोबर झाडाखाली फळं निवडत बसली होती. चिटणिसांनी सगळं सांगितलं. मुंबई, समुद्र, नवी स्टिक देऊ. बाप लेकीकडे बघत राहिला. तिनं हातातलं संत्रं टोपलीत ठेवलं.

“काका, तुमच्या पुतणीले धाडा न. नाव तं तिचंच हाये.”

“तिला ते... तिथे जमणार नाही.”

“मंग तसं सांगा तिथी.”

“अगं, त्या दिवशी तू आलीस की नाही? मग आताच काय झालं?”

“त्या दिवशी त्या बाया होत्या,” ती म्हणाली. “त्यायच्यासंग खेळाचं होतं मले, म्हणून आली. आता मुंबईले कोण हाये? गोल मी तिले देऊन टाकला, काका. पाय कसे देऊ?”

तिनं हे उर्मटपणे म्हटलं नाही. समजावून सांगावं तसं म्हटलं, आणि पुन्हा फळं निवडू लागली. चिटणीस माझ्याकडे वळले. मी झाडांकडे बघत होते. शेवटी ते उठले. पाहुणा रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून बापानं संत्र्यांची टोपली मोटारीत ठेवली. मला वाटलं, हा चिटणीस आता तरी नको म्हणेल. त्यानं टोपली सरळ करून नीट बसवली, सांडू नये म्हणून.

पुतणीचा पाय मुरगळल्याचं वर्तमानपत्रात आलं. तिचं पुढे चांगल्या घरी लग्न झालं आणि चषक तिच्या सासरच्या काचेच्या कपाटात असतो, असं ऐकते. तिच्यावर माझा राग नाही. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मोहगावची आणखी तीन हिवाळे आमच्याकडून खेळली. भोपाळच्या मैदानावरही एकदा खेळली, स्वतःच्या नावानं, आणि त्या सामन्यात तिला एकही गोल करता आला नाही. त्याचं तिला बरेच दिवस वाईट वाटत होतं. मग लग्न झालं. नवरा बरा निघाला. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं, पण तो कळतं असं दाखवतही नव्हता. माझ्या पाहण्यातल्या पुरुषांत हे बरंच म्हणायचं.

मी निवृत्त होईपर्यंत मुलींना शिकवत राहिले. मधल्या काळात दोन-तीन कमिट्यांनी मला बोलावलं, सदस्य व्हा म्हणून. सभा नेमक्या संध्याकाळी असत. संध्याकाळी मुली मैदानावर यायच्या, तेव्हा मी गेले नाही.